टेबलावर आडवं व्हायचा नियम

मलेट पॉइंट, फ्लोरिडा
१२ जून २०११

ती. युलाताईंस,
वर्लीनचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि शेंगांची पिशवी दोन्ही एकाच दिवशी पोचली. शेंगा मीठ घालून उकडल्या आणि सवयीनं मोठं पातेलंच चढवलं. रूफसला जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझा हात अजून दोघांच्याच मापानं चालतो. उरलेल्या शेंगा शिंपल्यांतली कालवं काढतात त्या शेडवर नेऊन दिल्या. तुमच्या भावाचे जुने सोबती, पाच मिनिटांत टरफलं उरली.

फोन करणार होते, पण तुमचे कान सूतगिरणीनं खाल्लेले. मी तब्येत विचारते आणि तुम्ही हवामान सांगता. पत्रच बरं.

आता रडगाणं. ऑगस्टअखेर माझं मालिशचं लायसन्स संपतंय. ते पुढं चालू ठेवायचं तर दर दोन वर्षांनी चोवीस तास पुन्हा शिकायचं, मग तुम्ही काल धंद्याला लागलेल्या असा नाहीतर माझ्यासारख्या जुन्या खोडानं. त्यातलं निम्मं घरी बसून करता येतं. कायदा, नीती असलं सगळं. ते मी उरकलं. नीतीच्या धड्यात सांगितलंय की माणूस कितीही ओळखीचा असला तरी हात लावण्याआधी विचारायचं. मी मुकाट्यानं तसं उत्तर लिहिलं. म्हातारा हार्लन सग्ज दर मंगळवारी आखडलेला खांदा घेऊन येतो. त्याला असं विचारलं तर तो म्हणेल की शर्ट काढून तो काय फोटो काढून घ्यायला बसलाय.

उरलेलं निम्मं मात्र शिक्षकासमोर, वर्गात जाऊन. त्यासाठी गेल्या शनिवारी टॅलाहासीला निघाले होते, पण वाटेतच ट्रकचा पट्टा तुटला आणि वर्ग हुकला. हुकला ते बरंच झालं. ती शिक्षिका जांभळे मोजे घालून फिरते आणि सारखी श्वास घ्या, श्वास घ्या म्हणते, जसं काही तोवर आम्ही घेतच नव्हतो.

खरं सांगू का ताई, आता पुरे वाटतं. ऑगस्ट संपला की दारावरची पाटी उतरवावी म्हणते.

लोभ आहे तेवढा ठेवा. कमी केलात तर मला कळेल.

तुमची,
वर्लीन

—

डोथन, अलाबामा
१९ जून २०११

चि. वर्लीन हिस,
युलाताईचे अ. उ. आ.

ट्रक वाटेतच बंद पडला आणि वर्ग हुकला, तर मग शिक्षिकेचे जांभळे मोजे तुला दिसले कुठून? अगं, माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. थाप मारायलाही अंगात कसब लागतं. ते तुझ्यात नाही आणि आमच्या रूफसमध्येही नव्हतं. म्हणूनच तुमचं जमलं.

आणि पाटी उतरवणार म्हणे! ती लावलीस तेव्हा गावानं काय काय म्हटलं होतं, विसरलीस का? मालिशवाली म्हटलं की शेडवरचे पुरुष दात काढायचे. तेव्हा रूफस तुझं लायसन्स चौकटीत बसवून घेऊन आला आणि दारासमोरच्या भिंतीवर असं लावलं की आत येणाऱ्याला आधी सरकारचा शिक्का दिसावा आणि मग तू. त्याच्या हातून जन्मात तेवढी एकच चौकट सरळ लागली. त्या दिवसानंतर कुणी दात काढले नाहीत. ते लायसन्स तू संपू देणार, तेही जांभळ्या मोज्यांपायी? मी नाही विश्वास ठेवत.

इकडे ठीक. चर्चमध्ये मला पुढच्या बाकावर बसवतात, ऐकू यावं म्हणून. ऐकू काही येत नाही, पण पाद्रीबाबांच्या थुंकीचे शिंतोडे तेवढे येतात.

त्या शनिवारी काय झालं ते उलट टपाली लिही. आशीर्वाद आहेतच, पण खरं लिहिलंस तर जरा जास्त मिळतील.

तुझी,
युलाताई

—

मलेट पॉइंट
३ जुलै २०११

ती. युलाताईंस,
स. न. वि. वि.

पकडलंत. पट्टा तुटला नव्हता. मी वर्गात गेले होते आणि दुपारी पळून आले.

आमच्या या वर्गात नुसतं बसून ऐकायचं नसतं, ताई. जोड्या लावतात. आधी एकीनं टेबलावर आडवं व्हायचं आणि दुसरीनं मालिश करायची, मग अदलाबदल. ज्या हातांना द्यायचंय त्यांना घेणं कसं लागतं ते कळावं, असा नियम. सकाळी मी माझ्या जोडीदारणीची पाठ केली, झकास केली. माझी पाळी आली तेव्हा मी चादरीखाली पालथी झाले. तिनं तळहातावर तेल चोळल्याचा आवाज आला आणि मी उठलेच. कपडे चढवले, ट्रकमध्ये बसले. आडवं झाल्याशिवाय तास मिळत नाहीत, तेव्हा सकाळचेही गेले.

का उठले ते लिहायला तीन रात्री घेतल्या. रूफस गेल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागलेला नाही. दिवसभर मी लोकांची अंगं रगडते, पण माझ्या अंगाला कोण? तो असताना रोज संध्याकाळी, खाडीवरून आल्यावर, कालवांनी कापलेले ते खरखरीत हात माझ्या मानेखाली ठेवायचा. ना शास्त्र ना शिस्त. परीक्षेत नापास होशील म्हणून मी चिडवायची. शेवटी खांद्यांच्या मधोमध दोन थापट्या, खेचराला देतात तशा, की झालं. त्याच्या शेवटच्या आजारातही तो उशीवरून हात लांब करून तेवढ्या दोन थापट्या द्यायचा.

दुसऱ्या कुणाचा हात तिथं पडला तर त्याचा पुसला जाईल, असं मला वाटतं. हे वेडेपण आहे हे मला कळतं. पण कळलं तरी पाठ ऐकत नाही.

हार्लन म्हणतो की इतक्या लांब तपासायला कोण येतंय, तशीच चालू ठेव. पण लायसन्स संपल्यावर एकाच्याही पाठीला हात लावला तरी गुन्हा, आणि मला त्या चौकटीत शिळा कागद बघवणार नाही. ऑगस्टअखेरच्या आधी आता एकच वर्ग उरलाय, पेन्साकोलाला, तेरा-चौदा ऑगस्टला. माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही. तो खांदा घेऊन हार्लन कुठं जाईल याचीच काळजी आहे, आणि सकाळी उठून मी कुठं जाईन याचीही.

रागावू नका. लोभ तुमच्या हाती.

तुमची,
वर्लीन

—

डोथन
९ जुलै २०११

चि. वर्लीन हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. रागावू कशाला? तो माझाही भाऊ होता. त्याला मी कडेवर खेळवलंय.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही आणि ती आज सांगितलीच पाहिजे. त्या दोन थापट्या रूफसच्या नव्हत्या. आईच्या होत्या. आम्ही लहान असताना छातीत कफ झाला की आई झग्यावर तळहात घासून गरम करायची, कापूर घातलेलं मलम चोळायची, मानेखाली दाबायची आणि शेवटी मधोमध दोन थापट्या. त्या पडल्या की उठून खेळायला जायचं, मग बरं वाटो न वाटो. रूफसनं ते तिच्याकडून उचललं आणि मीही. माझ्या नवऱ्याला, होबार्टला, मी तशाच द्यायची. तो म्हणायचा, पोत्याला मारतेस काय.

तेव्हा आता नीट ऐक. मला शास्त्र येत नाही, लायसन्स नाही आणि माझ्या हातांना गिरणीनं वाकडं केलंय. पण हात त्याच घरातले आहेत. दोन वर्षांनी पहिला हात परक्या बाईचाच पडावा असा काही तुमच्या त्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाचा नियम नसेल तर मी येते. याच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. बसनं टॅलाहासीला उतरेन. तिथून ट्रकनं ने, पट्टा शाबूत असेल तर.

नको म्हणायचं असेल तर फोन कर. मला ऐकू येणार नाही.

तुझी,
युलाताई

—

मलेट पॉइंट
१४ जुलै २०११

ती. युलाताईंस,
स. न. वि. वि.

या. बोय मासळी धुरी देऊन ठेवते, तुम्हाला आवडते तशी. मक्याची भाकरी तुम्हीच करा, माझी कधीच तुमच्या पसंतीला उतरत नाही असं तुम्हीच सांगता.

जमेल याची खात्री देत नाही. मी मध्येच उठले तर मागून हाका मारू नका.

वर्लीन

—

डोथन
२७ जुलै २०११

चि. वर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद, या खेपेला मोजून नाही, ओंजळीनं.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस सगळी वाट बोलत होता आणि मी सगळी वाट मान हलवत होते. उतरताना त्यानं मोठ्या प्रेमानं निरोप घेतला. काय कबूल केलं देव जाणे.

त्या संध्याकाळबद्दल मी तिथं काही बोलले नाही, म्हणून इथं लिहिते. तू टेबलावर पालथी पडलीस आणि मी हात लावू का म्हणून विचारलं. तुझ्या धड्यात लिहिलंय म्हणून हो, नाहीतर आमच्या घराण्यात विचारायची रीत नाही, सरळ चोळायचं. तू इतका वेळ गप्प होतीस की मला वाटलं, उत्तर देऊन झालं असेल आणि मला ऐकू आलं नसेल. मग तुझी मान हलली. मी माझे हात आईसारखे झग्यावर घासले आणि ठेवले. शेवटच्या दोन थापट्या दिल्या तेव्हा तू जी रडलीस ती मला ऐकू आली नाही, पण तळहातांना कळली. मीही रडले. तू पालथी होतीस म्हणून तुला दिसलं नाही, आता सांगते.

पण दुसऱ्या दिवशी तू मला त्या टेबलावर घातलंस, ते मी ठरवलेलं नव्हतं. मी तुझ्यासाठी आले होते, माझं काय काम! तूही रीतसर विचारलंस, माझ्यासमोर येऊन, ओठ दिसावेत असं. वर्लीन, होबार्टला जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत डॉक्टरनं आणि चर्चच्या दारात हात मिळवणाऱ्यांनी सोडून मला कुणी शिवलेलं नाही, आणि त्याची मला आठवणही नव्हती. भूक मेली की कळत नाही तसं. तू काम करताना गुणगुणतेस ना? मला माहीत नव्हतं. ते मला ऐकू आलं, कानांनी नाही, पाठीनं. तुझ्या हातांतून खाली उतरत होतं. गाणं कुठलं ते कळलं नाही. पण इतक्या वर्षांनी कुणाचा तरी आवाज माझ्यापर्यंत पोचला.

म्हणून सांगते, हार्लन राहू दे, गाव राहू दे. अशी किती माणसं तुझ्या दारात येत असतील, खांद्याचं निमित्त करून! पेन्साकोलाला जा. घाबरलीस तरी आडवी हो. रूफस पुसला जायचा असता तर माझ्या हातानंच पुसला गेला असता.

वर्गाचं काय झालं ते कळव. आशीर्वाद नकोत म्हणालीस तरी पाठवणारच.

तुझी,
युलाताई

—

मलेट पॉइंट
१६ ऑगस्ट २०११

ती. युलाताईंस,
वर्लीनचा स. न. वि. वि., आणि आजचा नमस्कार जरा वाकून.

झाले! बाराच्या बारा तास झाले. शिक्षकांनी दाखला दिला, तो बोर्डाकडे रवाना झाला. आज सकाळी हार्लन आला तेव्हा मी त्याला हात लावण्याआधी रीतसर विचारलं.  त्यानं टोपी काढली, हो म्हणाला आणि पुढं हळूच म्हणाला की त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी उगाचच त्याच्या नावावर चेष्टा केली होती.

वर्ग सांगते. या खेपेला शिक्षक होते, मोजे पांढरे. माझी जोडीदारीण मॅरीसोल नावाची कोवळी पोर, पहिल्यांदाच लायसन्स पुढं चालू करायला आलेली. पहिली पाळी मीच मागून घेतली, नाहीतर दुपारपर्यंत ट्रक मला बोलावत राहिला असता. पालथी झाले. तिनं विचारलं आणि मी हो म्हटलं. तुमच्या वेळेसारखी वाट बघायला लावली नाही. हात गार होते पोरीचे. मला रडू आलं, तिनं हात तसाच ठेवला आणि घाई केली नाही, हे तिला छान शिकवलंय. रूफसचा हात काही पुसला गेला नाही, ताई. तिचा हात तिच्या जागी होता. तिनं शेवटी थापट्या दिल्या नाहीत, आणि त्या नव्हत्या हे माझ्या पाठीला बरोबर कळलं. थोडं दुखलं. पण उठून पळावंसं वाटलं नाही.

मग अदलाबदल. मी तिची पाठ केली, शिकवली तशी, पुस्तकात असते तशी. शिक्षक मागं उभे राहून बघत होते. संपलं, चादर सारखी केली, आणि माझ्या हातानं मला न विचारता तिच्या खांद्यांच्या मधोमध दोन थापट्या दिल्या. मीच दचकले. पोर हसत उठून बसली. माझ्या हातात त्या कधी आल्या? मी तर दोन वर्षं माझ्या पाठीतच शोधत होते.

शिक्षक पुढं आले. इतकी वर्षं शिकवतायत पण हा शेवट त्यांनी कुठं पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी विचारलं की ही पद्धत कुठल्या शाळेतली. मी सांगितलं, आमच्या सासरची.

पुढच्या महिन्यात या. बोर्डाला दोन वर्षांनी तास लागतात, तुम्हाला मी तेवढी सवलत देणार नाही.

तुमची,
वर्लीन