सुहासच्या खांद्यावर पालखी

रत्नागिरी, शिमग्यातला शनिवार, संध्याकाळ

आज देवीची पालखी अंगणात आली. आंब्यावरून पडल्यापासून माझा भाऊ सुहास व्हीलचेअरवर. दरवर्षी दारातून नुसते हात जोडतो. आज म्हणाला, "मला नाचवायचीय."

मानकरी भाऊकाका वैतागले, "अरे, तुझी बाजू खाली जाईल. देवी घसरेल ना!"

पूर्वी सुहासच्या जोडीने नाचवणारा संदीप सरळ गुडघ्यांवर बसला. तापलेल्या चिऱ्यांवर, गुडघ्यांवर! म्हणाला, "आता झाली ना सारखी? वाजवा ढोल!"

दांडा दोघांच्या खांद्यांवर, खुर्ची मी फिरवत होते. माणसाला हे सुचतं कसं? आणि ते गुडघे...

पालखी शेजारी गेल्यावर आईने विचारलं, "ओटी भरलीस ना गं?"

नव्हती भरली. साधा नमस्कारही राहिला.