राणीसाहेबांनी थांबवलेली ललकारी

जर्सी सिटी, १९ ऑगस्ट १९८६

प्रिय शरयू,

सोबत पेपरातलं कात्रण आहे. अंबेरीच्या राणीसाहेब डोक्यावर जरीचा पदर घेऊन हसताहेत. त्या एका हसण्याला खरं काय लागलं, सांगतो: चार तास, फिल्मचे तीन रोल, त्यांची सुजलेली पावलं आणि माझी दोन खोटी वाक्यं.

संस्थानं गेली, तनखे गेले, पण अंबेरीच्या राजवाड्यात मुलींची शाळा चालते आणि तिचं छप्पर गळतंय. देणग्यांसाठी त्या इथे आल्या आणि घराण्याच्या प्रसिद्धीचं काम माझ्या ऑफिसकडे आलं. माझा धंदा तुला ठाऊकच आहे. दादरला भिंतींवर पोस्टरं चिकटवत सुरुवात केली, इथे डेंटिस्टांपासून बासमतीपर्यंत सगळ्यांचं नाव केलं. फोनवर समोरच्यानं नुसता श्वास घेतला तरी कळतं मला, गडी काहीतरी दडवतोय. आणि मी जे झाकलं, ते वीस वर्षांत कधी उघडं पडलं नाही.

इथे झाकायचे होते ते युवराज विक्रमराजे. तुझ्या इकडच्या, अमेरिकेतल्या डब्लिनपासून तासाभरावर एका मोटेलच्या काउंटरवर ते बसतात. मी पत्रकात लिहिलं, 'अमेरिकेत हॉटेल व्यवसाय सांभाळतात.' अगदीच खोटं नाही, असं स्वतःला समजावलं.

शनिवारी आपल्या इथल्या मराठी मंडळात त्यांचा सत्कार होता. दरबारी थाट हवा म्हणून आपल्या कुमारला, त्या बॉयलरवाल्या इंजिनियरला, फेटा बांधून ललकारी द्यायला उभा केला. मजकूर माझाच. तो 'हॉटेल उद्योगाचे अधिपती' इथपर्यंत आला आणि राणीसाहेबांनी हात वर केला. "कुमारराव, दमलात. पाणी प्या," म्हणाल्या आणि माइक स्वतःकडे घेतला. "आमचे चिरंजीव मोटेलात किल्ल्या देतात. परवा दिवसभर आम्ही त्यांच्या मागं खुर्ची टाकून बसलो होतो. मुजरा कुणी करत नाही, पण माणसं थँक्यू म्हणतात. इथे येईपर्यंत आम्हाला त्यांची लाज वाटत होती. आता त्या लाजेची वाटते."

मग मागून उल्हास डॉक्टर उठले. "राणीसाहेब, पहिल्या वर्षी मीही इथे फरशा पुसल्यात. बायकोला अजून सांगितलं नव्हतं." त्यांची बायको शेजारीच बसलेली. म्हणाली, "मला ठाऊक होतं, बसा खाली." सगळे हसले, आणि शाळेच्या छपराचे पैसे त्याच संध्याकाळी जमले.

शरयू, मी एका कोपऱ्यात उभा होतो आणि मला तू दिसत होतीस. तू श्रीरामचं घर सोडलंस त्याला दोन वर्षं झाली. मी मंडळात सांगत राहिलो, जावयाची बदली कॅलिफोर्नियाला झालीय. दोन्ही गणपतींना तुला म्हणालो, एवढं ड्राइव्ह कशाला करतेस, राहू दे. तू 'ओके, बाबा' म्हणून फोन ठेवलास. त्या दोन शब्दांत काय होतं ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो. यंदा ये. मंडळात माझ्या शेजारी बस, कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. सुरुवात केलीय. शनिवारीच जेवणाच्या रांगेत पद्मजाकाकूंना सगळं खरं सांगून टाकलं. त्या भात वाढत होत्या, हात काही थांबला नाही. म्हणाल्या, "अहो नरेंद्र, श्रीरामच्या आईनं पहिल्याच महिन्यात घरोघर फोन केले होते."

तुझाच, वाट बघणारा,
बाबा