पूर्वेचा झाप

३ जुलै
बाबांची झोप कुठे गेली? बी.एस्सी. होऊनही मला याचं उत्तर देता येत नाही. मासेमारीची बंदी चालू आहे, होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवली आहे. माणसाने निवांत घोरावं. पण आई सांगते, रात्रभर उठून बसतात. दिवसा जाळं विणताना डुलक्या. बंदी उठल्यावर खाडीच्या तोंडाशी अशी डुलकी लागली तर?

घरात ग्रॅज्युएट मी एकटी. जबाबदारी माझीच. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, असं वाचलं आहे. प्रयोग आधी स्वतःवर, मग बाबांवर. त्यासाठीच रिझल्ट लागल्यापासून मी पडवीत झोपते. बाबांना तिथून आतल्या खोलीत हलवलंय. तिथे खिडकी नाही, म्हणजे डिस्टर्बन्स नाही. तरी झोप नाही. संशयास्पद.

४ जुलै
पावसाची झड येऊ नये म्हणून पडवीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधलेत. पूर्वेचा झाप झोपताना दोरीने वर उचलून ठेवला. उद्या सूर्याबरोबर उठणार.

५ जुलै, सकाळी ९.४०
उठले. झाप खाली. कोणीतरी मुद्दाम सोडला.

६ जुलै
पुन्हा खाली. पहिला संशयित भाऊ, रितेश. म्हणतो, ताय, मी कधी तुझ्या आधी उठलोय काय? मुद्दा बरोबर, पण फारच पटकन सुचला.

८ जुलै
संशयित दुसऱ्या, शेजारच्या धोंडूबाई. तोंडावर विचारलं. म्हणाल्या, शिकून शिकून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला गो बाय. उत्तर टाळलं. लक्षात ठेवलं आहे.

बाबांच्या झोपेबाबत चहावरही संशय होता. बंद केला. बाबा म्हणाले, तेवढाच काढून घ्यायचा रव्हला होता.

११ जुलै
बाबांना उजेडाचं महत्त्व समजावलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, आतमध्ये काय कळत नाय. पाऊस हाय का थांबला, भरती का ओहोटी, पहाट झाली का नाय. मग उठून बघायला पडवीत येतो.

म्हणजे पडवीत येणारे बाबाच! संशयित तिसरे. ज्यांच्यासाठी एवढं करते आहे, तेच. जेवण गेलं नाही. (नंतर थोडं गेलं.)

१२ जुलै
सापळा. दोरीला ओली हळद फासली. उद्या सगळ्यांचे हात तपासणार.

१३ जुलै, सकाळी १०.०५
झाप खाली. सगळ्यांना ओळीने उभं केलं. आईच्या हाताला तांदळाचं पीठ, रितेशच्या हाताला नुसता मळ, बाबांच्या बोटात जाळ्याचा दोरा. हळद कुठेच नाही. सराईत आहेत.

मग आईने आरसा आणून माझ्यासमोर धरला. म्हणाली, बाय, लगीन ठरवलंस नि आमाला सांगितलंपण नाय?

माझ्या दोन्ही हातांना हळद. गालाला हळद. उशीलाही. रितेश हसून हसून खाली बसला.

बाबा म्हणाले, रोज बघतो. उजेड आला की ही डोळे मिटूनच दोरी सोडते नि कूस बदलते. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, शिकलेली पोर हायस. वाटला, प्रयोगच तसा असेल.

हे कौतुकाने म्हटलं की कसं, यावर अजून संशय आहे.

१५ जुलै, दुपारी १.१५
आई सांगते, बाबा रात्रभर घोरत होते. झाप वर, तोंडावर उजेड, तरी घोरतच. धोंडूबाईंनासुद्धा ऐकू गेलं म्हणे. माझा उजेडाचा सिद्धांत खरा ठरला. मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, आत्ताच उठले. आतमध्ये काय कळत नाय, हेही खरं. काल संध्याकाळी पडवी त्यांना परत दिली आणि माझं अंथरूण आत नेऊन टाकलं.