उपाशी माशांचं वजन

३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून शिस्त. पीएचडीचं सातवं वर्ष. आठवं लागू द्यायचं नाही. शेवटचा प्रयोग: बारा मासे एकवीस दिवस उपाशी, बारा रोज जेवणारे. मग एकेकाला टबात पाच मिनिटं पळवून दमवायचं आणि श्वास ठिकाणावर यायला किती वेळ लागतो ते ऑक्सिजन मीटरवर मोजायचं. उपाशी माशांना जास्त लागणार, हे उघड आहे. फक्त आकडे हवेत. मार्चमध्ये थीसिस.

५ फेब्रुवारी
थीसिस सुरू. अर्पणपत्रिका झाली. दमलो.

११ फेब्रुवारी
मी दिसलो की उपाशी मासे काचेला येऊन चिकटतात. संशोधकाने मन घट्ट ठेवावं. टाकीकडे पाठ करून बसतो. दर आठवड्याला वजन करायचं होतं, पण मुक्या जिवांना उगाच त्रास. एकदम शेवटी करीन.

१७ फेब्रुवारी
बायको म्हणाली, मासे पाच मिनिटांत दमतात त्याचं एवढं कौतुक. तू सात वर्षं दमलेला आहेस, तुझं कोण मोजतंय? चोख उत्तर देणार होतो. सुचलं की लिहीन.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
खळबळजनक! उपाशी मासे जेवणाऱ्यांइतक्याच वेळात ताजेतवाने. शिवाय प्रत्येकी सात-आठ ग्रॅमनी वजन वाढलं. उपासाबद्दल जग आजवर अंधारात होतं. सरांना ईमेल. विषय: ‘युगप्रवर्तक’.

२५ फेब्रुवारी
सरांचं उत्तर: खायला कोण घालतंय? हा माझा अपमान आहे. दिवसभर टाकीपाशीच तर असतो.

२६ फेब्रुवारी
निव्वळ औपचारिकता म्हणून लॅब झाडणाऱ्या मावशींना विचारलं. म्हणाल्या, मीच घालते की. तुम्ही टाकीवर ‘उपाशी’ अशी चिठ्ठी लावलीत, मला वाटलं माझ्यासाठीच. तुमची पाठ असली की घालते, कामात व्यत्यय नको.
खुर्चीत बसलो. आधीपासून बसलेलोच होतो.

२८ फेब्रुवारी
सर म्हणाले, सहा महिने मुदतवाढ, ही शेवटची. प्रयोग पहिल्यापासून. मावशींना कडक शब्दांत समज दिली. त्या म्हणाल्या, तुम्ही शिकलेले. तेव्हापासून बोलत नाहीत.

३ मार्च
नवी सुरुवात. चिठ्ठीवर आता ‘गट ब’. या खेपेला डोळ्यांत तेल घालून.

१२ मार्च, दुपारी
दहावा दिवस. मासे आता काचेशी येत नाहीत. तळाला बसून असतात. कल्ले सावकाश हलतात. शक्ती राखून ठेवतात. पुस्तकात आहे अगदी तस्संच. प्रयोग उत्तम चालला आहे.
तासभर बघत बसलो. मावशी केर काढून गेल्या, टाकीकडे पाहिलंही नाही.
मग दोन चिमटी खाद्य टाकलं. मी. सगळे वर आले.
सरांना लिहिलं, मावशींना पुन्हा दया आली. खोडलं. लिहिलं, मी घातलं.
लगेच उत्तर आलं: बरं. मग आता?
चार वाजले. अजून तेच वाचतोय.