गठाणीच्या हातानं विणलेली टोपी

बाबा, तुम्ही विणलेली पहिली टोपी टेबलावर ठेवली की वाटीसारखी ताठ उभी राहायची, हे मी घरात सांगितलं की नातवंडं म्हणतात, आजी फेकतेय. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. तुम्ही नांदुऱ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणींवर बारदान शिवायचात, दाभण आणि सुतळीनं. टाका असा आवळायचात की गठाण गाडीवरून पडली तरी उसवू नये. त्याच हातात क्रोशाची सुई आणि गुलाबी लोकर आली, मग दुसरं काय होणार होतं!

आली म्हणजे तुम्हीच हिसकावलीत. सातवीच्या परीक्षेत मुलींना बाळाची टोपी विणून दाखवायची होती आणि माझी काही केल्या जमत नव्हती. खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, जास्त घातले की घागऱ्यासारखी झालर सुटायची, कमी घातले की लिंबालाही बसणार नाही एवढीशी टोपडी व्हायची. मायनं बजावून ठेवलं होतं, "नापास झाली का शाळा बंद. चाल मंग माह्यासंगं वावरात." माय बोलली की करायचीच. मला आठवीत जायचं होतं, फार जायचं होतं. चुलीपाशी रडत बसले होते, तेवढ्यात तुम्ही आलात, केसांत कापूस तसाच. "काऊन रडून राह्यली वं? दे इकडं. सुई म्हंजे सुई, तिच्यात काय हाय एवढं!" आणि जेवण बाजूला ठेवून तुम्ही टोपी विणलीत. विणली कसली, आवळलीत.

दुसऱ्या दिवशी विणकामाच्या बाईंनी ती बोटानं वाजवून पाहिली. "ही डोक्यात घालायची, की हिच्यात ताक प्यायचं?" सगळा वर्ग लोळला. घरी येऊन मी हे सांगितलं, तर तुम्ही तावातावानं शाळेत हजर. "बाई, टाका मजबूत हाय. वढून पाहा." बाई तुमच्यापेक्षा वयानं लहान, पण काय करारी! म्हणाल्या, "मजबूत आहे, पण बाळ रडेल. बसा इथं." आणि तुम्ही खरंच बसलात हो, मुलींच्या रांगेत शेवटी, धोतर सावरून, मांडी घालून. बाई सांगतायत, साखळ्यांचं कडं करा, त्यात खांब घाला. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, त्यापुढं एकाआड एक. चकती टाळूवर सपाट बसली की वाढवणं बंद, मग भिंत सरळ खाली उतरवा. तुम्ही आरतीसारखं पुटपुटताय. बाई ओरडतात, "अहो, लोकर आहे ती, बैल नाही. ओढू नका!" आणि मुली ओंजळीत तोंड खुपसून हसतात. मला मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग रोज जिनातली पाळी संपली की घरी हाच उद्योग. घरात बाळ नव्हतं, म्हणून तुम्ही चकती स्वतःच्या गुडघ्यावर बसवून बघायचात. माय दारातून विचारायची, "अवो, बारसं कवा हाय मंग?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "तू पेढ्याचं पाहा." मला सांगायचात, "हात सैल सोड पोरी, मी आवळतो तसं नोको करू." स्वतःचा हात काही सैल होत नव्हता. माझा झाला.

परीक्षेला बाहेरगावच्या बाई आल्या. तयार टोपी त्यांनी घेतलीच नाही, म्हणाल्या, माझ्यासमोर विणा. माझ्या हातातून सुई निसटतेय, आणि वर बघते तर खिडकीत तुम्ही! अर्धी पाळी बुडवून आला होतात. दोन बोटं दाखवताय, हवेत सुई फिरवताय, भुवया उडवताय. परीक्षक बाई दचकल्या, "ते गृहस्थ कोण? त्यांना फिट आलीय का?" आमच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "नाही, ते माझेच विद्यार्थी आहेत." हसू आवरता आवरता माझा हात सैल सुटला तो सुटलाच. टोपी झाली. मी आठवीत गेले, पुढं शिकले, मास्तरीण झाले.

तुम्ही मात्र जिनात, बाजारात, माझ्या लग्नात, भेटेल त्याला सांगत राहिलात, "म्या खिडकीतून इशारे केले म्हून पोरगी पास झाली!" व्याह्यांनासुद्धा सांगितलंत. मी दरवेळी मान डोलावली. बाबा, तुमचे इशारे साफ चुकीचे होते. वाढवणं बंद करायच्या फेरीला तुम्ही दोन-दोन खांब घालायला सांगत होतात. तुमचं ऐकलं असतं तर मी वावरातच गेले असते. मी एकही खूण पाळली नाही, नुसती अधूनमधून वर बघत होते, तुम्ही अजून उभे आहात ना एवढ्यासाठी. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही ते बरंच आहे. अजूनही वाटतं, तुम्हीच पास केलंत असंच तुम्हाला वाटू द्यावं.