चांदीची पट्टी आणि आत्याचा पाय

८ फेब्रुवारी, रविवार

आधी दुरुस्ती. जिवनबाई आत्याच्या तळपायाची जखम आठ दिवसांत तीन सेंटिमीटरवरून दोनवर आली, असं परवा लिहिलं. चूक. पहिलं माप आईच्या शिलाईच्या टेपने घेतलं होतं. त्या टेपचा पहिला सेंटिमीटर कधीच फाटून गेलाय. दुसरं माप फूटपट्टीने. म्हणजे जखम होती तेवढीच आहे.

पण वाढली नाही! हाही रिझल्टच.

९ फेब्रुवारी

शेतात पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट घुसल्याला सतरा दिवस. आत्याला शुगर आहे. कडुलिंबाच्या पाल्याने चांदीचे नॅनोकण कॉलेजच्या लॅबमध्ये मी केले, गॉझवर चढवले, काचेच्या प्लेटमध्ये वाढवलेले जंतू मेले. लॅबचे हरिचंद सर म्हणाले, फक्त प्लेटवर, माणसावर नाही. पण आत्या परकी थोडीच? शाळेआधी बाराखडी मला तिनेच शिकवली. शिवाय लेखी संमती घेतलीय. सहीआधी तिने त्यातल्या दोन चुका काढल्या.

फरक नाही पडला तर गुरुवारी डॉक्टर. ठरलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ७

कडा लाल. थोडा वास. गॉझचाही असेल. आत्या म्हणाली, काहून इतकी वाकून पाहून राहिली, पाय हाय तो, पेपर न्हाई.

आज नेलं तर निरीक्षण अर्धवट राहील. शनिवारी नक्की.

१४ फेब्रुवारी, शनिवार

नेलं नाही. प्रॅक्टिकल होतं. बोटं बधिर आहेत का, विचारलं. व्हय, पण तकलीफ न्हाई, म्हणाली. ‘तकलीफ नाही’ एवढंच नोंदवलं. ‘बधिर’ गाळलं; शुगरवाल्या पायात तेच वाईट, हे मला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी

दीड सेंटिमीटर! लाली गेली. तीनदा मोजलं, फूटपट्टीनेच. माझ्या पट्टीने झालं. सरांना फोन लावला, रिंग वाजायच्या आत कापला. आधी प्रयोगाच्या पोस्टरचं शीर्षक ठरवू.

१९ फेब्रुवारी, दुपारी

आत्याच्या पिशवीत ट्यूब सापडली. सोबत जवळा बाजारच्या डॉक्टरांचा कागद, तारीख १३.

आत्या म्हणाली, तू कालेजला गेली की शिरडच्या फाट्यावरून एसटीनं गेले. सुई, गोळ्या, रोज मलम. तू यायच्या टायमाला तुझी पट्टी वरून बांधायचे.

मला का नाही सांगितलं?

म्हणाली, लेकरू गणित मांडून बसलं व्हतं, मधीच कसं खोडू?

ट्यूबवर बारीक अक्षरांत: चांदीचे नॅनोकण. अशी ट्यूब कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते.

दुरुस्ती: काल ‘माझ्या पट्टीने’ लिहिलं, ते खोडलं.

डॉक्टरांनी तिला पुन्हा बोलावलंय. या वेळी मी नेणार. इतके दिवस काय बांधलं, ते मीच सांगणार. आत्या म्हणाली, चल, पण टेप घरी ठेव.

मंगळवार, २४ फेब्रुवारी, सव्वाआठची एसटी.