वरणाची पळी

प्रिय प्राजक्ताताई,

फोनवर हे बोलता आलं नसतं. घर लहान, त्यात मामाजी पडले सासरे, त्यांचे कान अजून तिखट. मेसेज करावा तर आम्हा नवराबायकोचा फोन शिवमच्या हातात असतो. म्हणून लिहितेय. वाचलंस की लगेच फोन करू नकोस.

मागे तू आलीस तेव्हा रानडुकरांनी आमचा हरभरा कसा उकरून ठेवला होता, ते पाहिलंसच. त्यानंतर मामाजींनी त्यांची परवान्याची, ठासणीची भरमार बंदूक माळ्यावरून काढली. परतवाड्यात गोळ्या मिळेनात, म्हणून गोठ्यात चूल मांडून स्वतःच ओतायला लागले. भंगारातून जुन्या बॅटरीच्या पट्ट्या आणायच्या, गाड्यांच्या चाकांना लावतात ती शिशाची वजनं आणायची, वितळवायची, साच्यात ओतायची. एकदा त्यात जस्ताची वजनं मिसळली गेली नि सगळा रस खिरीसारखा गुठळला. गोळ्या निघाल्या सुरकुतलेल्या, अर्धवट. मामाजी हट्टालाच पेटले. कधी आच वाढव, कधी कथील टाक, वरची मळी काढ, पुन्हा ओत. गोठा धुरानं भरायचा आणि मी तिथेच दूध काढत बसायचे. एकदा साचा ओला राहिला, तर तापलेलं शिसं फाटकन उडून शिवमच्या मनगटावर पडलं. तरी मामाजींचं आपलं, "जमून राहिलं पोरी, तू भेऊ नको."

भ्यायला मी नंतर लागले. मामाजींचं पोट दुखायला लागलं, जेवण जाईना. इतका मायाळू माणूस, पण कारण नसताना खेकसायचा. मग उजवा हात मनगटातून लुळा पडला. अमरावतीच्या डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ बघितली आणि विचारलं, "बाबा, तुम्ही काम काय करता?" रक्तात शिसं निघालं. घरातल्या सगळ्यांचंच रक्त तपासा, म्हणाले.

घरी आल्यावर मी गोठा आवरायला गेले. मळी काढायला त्यांनी घेतलेली पळी माझ्या स्वयंपाकघरातली होती, ताई. मी विचारलं तर म्हणाले, "राखेनं घासून ठेवतच होतो ना मी!" त्याच पळीनं मी रोज वरण वाढत होते.

शिवमनं साचा, शिसं, सगळं उचलून भंगारात दिलं. पण मामाजी आता जेवायला बसले की ताट नुसतं सरकवतात. काल भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्या तुमाले इख चारलं." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचा तो शांत आवाज ऐकून मी रात्रभर जागी होते.

आता जे लिहितेय ते शिवमलाही ठाऊक नाही. माझा रिपोर्ट मी एकटीच जाऊन आणला. माझ्याही रक्तात शिसं आहे. आणि मला तिसरा महिना लागलाय. बाळाला काय होईल ते डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही, तशीच बसस्टँडवर येऊन बसले. शिवमला सांगितलं तर तो बापाजवळ लपवू शकणार नाही. आणि बंदूक अजून मामाजींच्या खाटेखालीच आहे. तू ये, ताई. काहीही निमित्त काढून ये. आधी शिवमला बाजूला घेऊन ती बंदूक ठाण्यात जमा करायला लाव. मग मला तुझ्याकडे अकोल्याला ने, तिथल्या डॉक्टरांना तूच विचार. मामाजींना आपण त्यानंतर सांगू. तोवर मी या घरात हसून वावरतेय, आणि मला ते फार दिवस जमणार नाही.

वाट बघणारी, तुझीच
चंदा